राखून ठेवलेला खार

सुआमे मॅगझिन या गाडीदुरुस्तीच्या वस्तीत पांढरा शर्ट घालून कोणी आला, तर तो दोनपैकी एक असतो. एक तर त्याची गाडी बिघडलेली असते, नाहीतर त्याला काहीतरी फुकटात हवं असतं. डॉक्टर बेडियाकोकडे गाडीच नव्हती. विद्यापीठातून ट्रोट्रोत, त्या खच्चून भरलेल्या मिनीबसमध्ये कोंबून घेऊन, धक्के खात तो तिसऱ्यांदा आला होता. कोनादूने त्याला केव्हाच दुसऱ्या रांगेत उभा केला होता.

"प्रोफ, आज पुन्हा?" ती म्हणाली. तो प्रोफेसर नव्हता, पण मॅगझिनमध्ये इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस प्रोफच असतो.

"पुन्हा, आंटी. तुम्ही हो म्हणेपर्यंत येणार."

"मग छत्री घेऊन येत जा. बरीच वर्षं यावं लागेल."

शेजारचे फिटर हसले. बेडियाकोही हसला, आणि ते कोनादूला मुळीच आवडलं नाही. अपमान झाल्यावर हसणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाहीतर धूर्त. आणि मूर्खाला कोणी डॉक्टर करत नाही.

कोनादू मेलेल्या बॅटऱ्या उठवायची. बावन्न वर्षांची बाई, हातावर ॲसिडचे चट्टे, आणि भोक नाही असा अंगावर एकही कपडा नाही. ट्रोट्रोवाल्यांनी, लाकडाच्या ट्रकवाल्यांनी भंगारात टाकलेली बॅटरी, आतल्या प्लेटांवर पांढरं कीट धरून दगड झालेली, तिच्याकडे यायची आणि आठवड्याभरात गाडी चालू करायची. वर आणखी दीड वर्ष टिकायची. असं करून दाखवणारं अख्ख्या मॅगझिनमध्ये दुसरं कोणी नव्हतं. बॅटरी विकणारे बडे दुकानदार तिच्या नावाने बोटं मोडायचे, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कोणतं?

बेडियाकोचं म्हणणं एवढंच होतं की तिने ही युक्ती सरकारदरबारी स्वतःच्या नावावर करून घ्यावी.

"एकदा तुमच्या नावाचं पेटंट झालं की दुसऱ्या कोणाला ती परस्पर वापरता येणार नाही," तो म्हणाला.

"आणि नावावर करायची तर ती कागदावर सांगावी लागणार?"

"हो, सगळी."

"सगळी सांगितल्यावर माझ्याकडे राहिलं काय? नावच ना?"

"नावासाठीच तर करायचं, आंटी."

कोनादूला हे बोलणं फार गोड वाटलं, आणि जास्त गोड बोलणं तिला पचत नसे. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या लोहाराने अशाच एका साहेबाला आपल्या कमी कोळशाच्या शेगडीची मापं घेऊ दिली होती. दोन वर्षांनी ती शेगडी त्याला बाजारात दिसली, वर कोणा परक्याचं नाव. म्हातारा ती विकत घेऊन घरी आला आणि तिच्यावर भात शिजवून जेवला. लोक हे हसत हसत सांगायचे. कोनादूला त्यात कधी हसू आलं नाही.

शिवाय मॅगझिनचा रिवाज होता. उस्ताद शागिर्दाला सगळं शिकवतो, पण एक गोष्ट राखतो. कोणी ती मरताना सांगतं, कोणी बरोबर घेऊन जातं. शागिर्दालाही ते माहीत असतं, तोही पुढे आपली एक गोष्ट राखतो. यात कोणाला वावगं वाटत नाही. ज्याने काहीच राखलं नाही त्याला उलट खुळा म्हणतात.

कोनादूने जे राखलं होतं ते एका दुधाच्या डब्यात होतं. कान्वूचा खार. चवळी लवकर शिजावी म्हणून बायका घालतात तोच, बाजारात ढिगाने मिळणारा. सहा वर्षांपूर्वी चुलीपाशी बसून तिच्या मनात आलं होतं, की हा खार टणक चवळीला मऊ करतो, तर प्लेटांवरच्या टणक किटाला का नाही करणार? तिने चिमूटभर ॲसिडमध्ये टाकला. तो फसफसला. आणि त्याच मोसमात बॅटऱ्या उठायला लागल्या. तेव्हापासून प्रत्येक बॅटरीला, सगळ्यांकडे पाठ करून, ती आतल्या सहा कप्प्यांत सहा चिमट्या टाकत आली होती. हे फक्त आणखी एका माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाला तिने चार वर्षांपूर्वी हाकलून दिलं होतं.

दुफी. मावशीची मुलगी. आशांती घरात मावशीची मुलगी ही बहीणच, चुलत-मावस असला हिशेब तिथे कोणी करत नाही. दुफी तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तोंडाने फटकळ, हाताने चलाख. दोघींनी मिळून हे शेड उभं केलं होतं. मग गटारापलीकडे अग्येमान नावाच्या माणसाने "जुनी बॅटरी नवी करून मिळेल" अशी पाटी लावली. त्याच आठवड्यात कोनादूने दुफीला त्याच्याशी हसून बोलताना पाहिलं. त्याच आठवड्यात खाराचा डबा अर्ध्यावर आला.

"चवळीत घातला, ताई," दुफी म्हणाली होती. "घरातला संपला होता. तुलाच तर वाढली काल. दोनदा मागून घेतलीस."

"चवळीत इतका खार?"

"मग अग्येमानला दिला असं म्हण की सरळ. तोंडात का चघळतेयस?"

कोनादूने ते सरळ म्हटलं. बऱ्या शब्दांत म्हटलं नाही. सगळी गल्ली ऐकत असताना म्हटलं. दुफीने हात धुतले, कमरेच्या कापडाची गाठ घट्ट केली आणि ओबुआसीला निघून गेली. तिथे ती आता फोन चार्ज करून देण्याची टपरी चालवते असं कानावर आलं होतं.

अग्येमानच्या बॅटऱ्या महिन्याभरात बसायच्या. त्याने वर्षाच्या आत पाटी उतरवली. त्याला खार मिळाला असता तर त्याच्या बॅटऱ्या बसल्या का असत्या, हा प्रश्न कोणाही शहाण्या माणसाला पडला असता. कोनादूलाही पडला होता. 'त्याला प्रमाण जमलं नाही,' असं उत्तर तिने स्वतःला दिलं. संशयाला उत्तराची कधी कमतरता नसते.

आणि आता हा बेडियाको.

चौथ्यांदा तो आला तेव्हा कोनादू तयार होती. रात्रभर विचार करून तिने ठरवलं होतं की याला सगळं सांगायचं, खार सोडून. हा तिकडे जाऊन बॅटऱ्या करणार, त्या उठणार नाहीत, मग हा हात जोडत परत येणार. तेव्हा कळेल याच्या पोटात काय आहे ते. चोर असेल तर परत येणारच नाही, आणि चोराच्या हाती लागेल ते नुसतं गाळलेलं ॲसिड.

"लिहा," ती म्हणाली.

बेडियाकोने जाड पुठ्ठ्याची वही काढली. त्याची लिहायची पद्धत विचित्र होती. पानं छापील आकड्यांची, म्हणजे एखादं फाडलं तर कळावं. खोडलेला शब्दही वाचता यावा असा एकाच रेघेने खोडायचा. पान पुरं झालं की खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारायची, नंतर कोणी काही घुसडू नये म्हणून. मग तारीख आणि दोघांची सही.

"इतका संशय?" कोनादू म्हणाली. "कोणावर?"

"स्वतःवरसुद्धा, आंटी. महिन्याने मलाच वाटायला लागतं की मी वेगळं लिहिलं होतं."

पहिल्यांदाच तिला तो जरा आपल्यातला वाटला.

ती सांगत गेली. जुनं ॲसिड काढायचं. पिठाच्या फडक्यातून दोनदा गाळायचं. रात्रभर निवळू द्यायचं, पुन्हा भरायचं, कमी पडेल तितकं शुद्ध पाणी. मग चार दिवस मंद चार्ज. मग हेडलाइटचा बल्ब लावून रिकामी करायची आणि पुन्हा चार दिवस. तो लिहीत होता, मापत होता. वायरची जाडी मापली. बॅटरीखालच्या विटासुद्धा मोजल्या. मग भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला ट्रोट्रोचा फ्लॅशर आणि बल्ब उतरवून त्यांचं चित्र काढायला बसला.

तो फ्लॅशर म्हणजे गाडी वळताना बाजूचा दिवा लुकलुकवणारी डबी. चार्जरच्या वाटेत ती आणि एक बल्ब जोडलेला होता. वीज असली की बल्ब उघडझाप करायचा, गेली की बंद. वीज दिवसातून दहादा जायची, आणि गल्लीच्या टोकाला बसूनही चार्जिंग चालू आहे का ते त्यामुळे कळायचं.

"त्या खेळण्याचं कशाला चित्र?" कोनादू म्हणाली. "ते नुसतं बघायला आहे. उलट त्याने चार्जिंगला दुप्पट वेळ लागतो. गिऱ्हाइकं कटकट करतात."

"आहे ते सगळं काढायचं. कामाचं काय आणि बिनकामाचं काय, ते आत्ता ठरवायचं नाही."

"काढा. तुमचीच शाई."

पानाखालच्या कोऱ्या जागेवर त्याने तिरपी रेघ मारली आणि वही तिच्यापुढे सरकवली. या रेघेच्या खाली आता खार लिहिता येणार नव्हता. कोनादूने सही केली. पेन बंद करून त्याच्या हातात दिलं.

तो बारा मेलेल्या बॅटऱ्या घेऊन गेला. त्या देण्याआधी कोनादूने प्रत्येकीच्या बुडाला खिळ्याने दोन बारीक रेघा ओढून ठेवल्या. उद्या बाजारातल्या चांगल्या बॅटऱ्या आणून 'या बघा, उठल्या' म्हणाला तर?

सात आठवडे तो आला नाही. पहिले तीन आठवडे ती मनातल्या मनात हसली. चौथ्या आठवड्यात तिला वाटलं, चोरच होता, पळाला. सहाव्यात वाटू लागलं की अजून कोणीतरी यात आहे. रस्त्यावरून पांढरा शर्ट गेला की तिची मान वळायची. बल्ब आपला उघडझाप करत होता, आणि ती त्याच्याकडे पाठ करून खाराच्या चिमट्या टाकत होती.

मग एका दुपारी दारात टेम्पो थांबला. बेडियाको उतरला आणि बॅटऱ्या उतरवायला लागला. शर्ट पांढरा नव्हता. आता त्यालाही भोकं पडली होती.

"आंटी, गोबे मागवा," तो म्हणाला. "मी सकाळपासून जेवलो नाही. आणि तुमच्या बॅटऱ्या उठल्या."

कोनादू जागची हलली नाही. "किती?"

"सहा."

"सहा?" ती खाली बसली, एक बॅटरी पालथी केली. बुडाला तिच्या दोन रेघा होत्या. दुसरी पाहिली. तिलाही होत्या. ती त्याच्याकडे वळली.

"कोणी सांगितलं तुला?"

"काय कोणी सांगितलं?"

"ओबुआसीला गेला होतास ना? तिने सांगितलं. दुफीने. बोल. मला वाटलंच होतं, ती एक दिवस विकणार."

"कोण दुफी?" बेडियाकोच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. "मी ओबुआसीला आयुष्यात एकदा गेलोय, लग्नाला."

"मग खार कुठून कळला तुला?"

"कसला खार?"

गल्लीत कोणीतरी पत्रा ठोकत होतं. तो ठोकायचा थांबला, तेव्हा कोनादूला कळलं की सहा वर्षं राखलेली गोष्ट आपण स्वतःच्या तोंडाने रस्त्यावर ओतली. आता मागे घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने डबा आणून त्याच्यापुढे आदळला.

बेडियाकोने तो उघडला, बोटाने चाखला. "हा तर चवळीतला."

"हो. तोच. हा घातल्याशिवाय बॅटरी उठत नाही. मी तुला सांगितला नव्हता. आता सांग कशी उठवलीस."

त्याने डब्याचं झाकण लावलं. त्याला लागलं होतं, ते दिसत होतं. "तुम्ही सही केली होती," एवढंच म्हणाला. मग त्याने वही काढली आणि तिच्याशेजारी विटेवर बसला.

"बारा बॅटऱ्यांचे मी तीन गट केले, चार-चार. पहिल्या चार तुम्ही सांगितल्या तशा. त्यातल्या तीन उठल्या. दुसऱ्या चारांत तुमचं गाळलेलं ॲसिडच नव्हतं, दुकानातलं नवं होतं. त्यातल्याही तीन उठल्या. म्हणजे ॲसिड बदललं तरी फरक नाही. खार तर मी कशातच घातला नव्हता, मला माहीतच नव्हता."

"आणि तिसऱ्या चार?"

"त्यांत सगळं तुमच्यासारखं. फक्त फ्लॅशर काढला. वीज सलग दिली. एकही उठली नाही."

कोनादूने वर पाहिलं. भिंतीवरचा बल्ब लागत होता, विझत होता. दिवसाढवळ्या, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे, सहा वर्षं.

"क्षणभर वीज, क्षणभर विश्रांती," बेडियाको सांगत होता. "त्या विश्रांतीत ते कीट सुटतं असं मला वाटतं. आठवड्याभरात लाख वेळा. असं कोणकोण करून पाहतात, पण महागड्या यंत्राने. ट्रोट्रोच्या फ्लॅशरने, या लयीत, मी तरी कुठे वाचलं नाही. हे पेटंटचं काम आहे, आंटी."

"मग खाराने काय होतं?"

"अजून करून पाहिलं नाही. पण त्याच्यावाचून अडत नाही, हे नक्की."

त्याच मोसमात सुरू केला होता तिने खार. आणि त्याच मोसमात तो फ्लॅशर भिंतीवर आला होता. दोन गोष्टी एकदम झाल्या, आणि तिने त्यातली स्वतःची निवडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण गावाला वळसा घालून निदान माणूस घरी तरी येतो. तिने घरातलं माणूस बाहेर काढलं होतं, बाजारात ढिगाने मिळणाऱ्या खारासाठी. 

बेडियाकोने छापील अर्ज उलगडला. "नाव, गाव मी भरलंय. हा एक रकाना राहिलाय. फ्लॅशर लावायचं तुम्हाला कसं सुचलं ते सांगा, तुमच्याच शब्दांत लिहितो."

पेन कागदावर टेकवून तो थांबला. गल्लीत आता कोणी काही ठोकत नव्हतं. वरच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत 'कोनादू' लिहिलेलं तिला दिसत होतं. नावासाठीच तर हे सगळं होतं. लोहाराच्या शेगडीवर परक्याचं नाव पाहून ती किती रात्री झोपली नव्हती. आणि आता एक शब्द बोलायचीसुद्धा गरज नव्हती. 'वीज सारखी जायची, म्हणून सुचलं,' इतकं म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं.

"आणि तुझं नाव कुठाय यात?" तिने विचारलं. सवय जात नाही.

"खाली. चाचणी करणारा."

तिने ते वाचलं. खरंच खालीच होतं, बारीक अक्षरांत.

"मला सुचलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दुफीला सुचलं. माझी बहीण. मी म्हणायचे, जा, बघून ये वीज आलीय का, जा, बघून ये. ती म्हणाली, पळून पळून माझ्या टाचा झिजल्या, आणि भंगारातून ती डबी काढून आणली. मी हसले होते. वेळ जास्त लागतो म्हणून दोनदा काढून टाकायलाही निघाले होते." तिने भिंतीवरच्या फ्लॅशरकडे बोट केलं. "तिने भांडून ठेवायला लावली. वरचं नाव खोड. तुझ्या त्या एका रेघेने, वाचता येईल असं."

बेडियाकोने तिच्याकडे पाहिलं. "मग त्यांची सही लागेल."

फोनमधला नंबर तिने चार वर्षांत लावला नव्हता आणि पुसलाही नव्हता. पलीकडे घंटा वाजत राहिली. मग फोन उचलला गेला.

"दुफी, मी कोनादू."

"कोण गेलं?" दुफीने विचारलं.

"कोणी नाही. सगळे बरे आहेत."

"मग कशाला फोन?"

"तुझी सही पाहिजे. एका कागदावर."

पलीकडे ओबुआसीची गर्दी ऐकू येत होती. कोणीतरी फोनची वायर मागत होतं.

"आता काय चोरलं मी?" दुफी म्हणाली.

कोनादूला वाटलं, सगळं एका दमात सांगावं. खार, चार-चार बॅटऱ्या, बल्ब. पण म्हटलं ते एवढंच. "तू काही चोरलं नव्हतंस. मी गल्लीत ओरडून खोटं बोलले होते. या वेळी कागदात लिहिलंय की ती दिव्याची युक्ती तुझी आहे."

"गोड बोलतेयस," दुफी म्हणाली. 'ताई' ती अजून एकदाही म्हणाली नव्हती. "तो कागद मी आधी दुसऱ्या कोणाकडून वाचून घेणार. मग बघू."

"घे," कोनादू म्हणाली. "एकाकडून नको, दोघांकडून वाचून घे. मी म्हणते म्हणून विश्वास ठेवू नकोस."